तांब्याची लाइन बंद होणार असेल, तर आधी विजेचा विचार करा

प्रश्न असा आहे की, घरातील तांब्याच्या तारेवरची जुनी लँडलाइन बंद करून तोच नंबर फायबरवर, राउटरमधून, डिजिटल पद्धतीने दिला जाईल असे पत्र कंपनीकडून आले आहे. तेव्हा आवाजाचा दर्जा खालावेल का, वीज गेल्यावर फोन चालेल का, चोरीची सूचना देणारी यंत्रणा आणि फॅक्स यांचे काय होईल, आणि या बदलाला विरोध करण्यात काही अर्थ आहे का. एक्स्चेंजच्या आत आणि बाहेर केबलवर, अशा दोन्ही बाजूंना दीर्घकाळ काम केलेला माणूस म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. आवाजाची काळजी फारशी करू नये. विजेची मात्र जरूर करावी. तांब्याच्या दोन तारांच्या जोडीतून आपल्याला केवळ आवाज मिळत नव्हता, तर फोन चालवण्याची वीजही एक्स्चेंजकडूनच मिळत होती, आणि ती अखंड पुरवण्याची जबाबदारीही त्यांचीच होती. नव्या व्यवस्थेत ही जबाबदारी गुपचूप आपल्या घरात येते, आणि बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच असते.

जुनी लाइन कशी चालते हे थोडे तपशिलाने पाहिल्यास पुढचे सारे समजणे सोपे जाते. रिसीव्हर ठेवलेला असताना जोडीच्या दोन तारांवर मल्टिमीटर लावला, तर साधारण ४८ ते ५४ व्होल्ट एवढा दाब दिसतो. एक्स्चेंजमध्ये २ व्होल्टचे २४ लेड-ॲसिड सेल एकापुढे एक जोडलेले असतात, ते सतत चार्ज होत असतात, आणि प्रत्येक ग्राहकाची जोडी त्याच बॅटरीवर पोसली जाते. या बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते आणि तारेवर ऋण दाब ठेवलेला असतो. केबलमध्ये ओल शिरली तरी विद्युत-रासायनिक क्रियेने तांबे झिजून जाऊ नये, हे त्यामागचे कारण. रिसीव्हर उचलला की फोनमधून काही मिलिअँपिअर, साधारणतः २० ते ५०, एवढा प्रवाह वाहू लागतो, फोनपाशी दाब ६ ते १० व्होल्टपर्यंत घसरतो, आणि या प्रवाहावरूनच एक्स्चेंजला कळते की ग्राहकाला डायल टोन हवा आहे. बोलणाऱ्याच्या आवाजाने याच प्रवाहात चढउतार होतात आणि तेच चढउतार पलीकडच्या कानापर्यंत जातात. घंटी वाजवण्यासाठी त्याच जोडीवर २० किंवा २५ हर्ट्झचा, ७५ ते ९० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब सोडला जातो. गल्लीतल्या घरांच्या जोड्या जेथून वाटल्या जातात त्या डीपी बॉक्सपाशी ओल्या हाताने जोडी धरलेली असताना नेमका कोणाचा तरी फोन आला, की काय होते, हे कोणत्याही लाइनमनला विचारून पाहावे.

सांगायचे तात्पर्य, साधा तारेचा फोन घरच्या विजेवर अजिबात अवलंबून नसतो. गावभर अंधार झाला तरी एक्स्चेंजची बॅटरी काही तास आणि तिच्यामागचा डिझेल जनरेटर इंधन असेपर्यंत फोन जिवंत ठेवतो. ही सोय इतकी मुकाट्याने मिळत आली, की तिचे वेगळे भान कोणाला राहिलेच नाही.

दुसरी गोष्ट, डिजिटल पद्धत टेलिफोनला नवी नाही. आवाजाचे नमुने घेऊन त्यांचे आकड्यांत रूपांतर करण्याची कल्पना ॲलेक रीव्हज या अभियंत्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मांडली. १९६२ मध्ये अमेरिकेत टी-वन ही २४ वाहिन्यांची डिजिटल लाइन एक्स्चेंजांच्या दरम्यान वापरात आली. आणि १९७० मध्ये फ्रान्समध्ये लानियों येथे सार्वजनिक वापराचे डिजिटल एक्स्चेंज सुरू झाले. सेकंदाला ८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, या मापाने आवाज एका एक्स्चेंजमधून दुसऱ्यात कित्येक दशके जातच होता. तांब्यावरचा अॅनालॉग प्रवास उरला होता तो फक्त घर आणि एक्स्चेंज यांच्यामधल्या तुकड्यापुरता. त्यामुळे ‘डिजिटल झाल्यावर आवाज कृत्रिम होईल’ ही भीती निराधार आहे. आजवर ज्या आवाजाला आपण अस्सल मानत होतो, तोही वाटेत आकड्यांत बदलूनच येत होता.

आत्ता बदलत आहेत त्या दोन गोष्टी. पहिली, आकड्यांत रूपांतर आता एक्स्चेंजऐवजी आपल्या घरातल्या पेटीत होते. दुसरी, पूर्वी एका संभाषणासाठी एक वाहिनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत राखून ठेवलेली असे, तिच्याऐवजी आता आवाजाचे तुकडे पाडून ते पॅकेटांच्या रूपाने पाठवले जातात. साधारणपणे २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात भरला जातो. वर सांगितलेल्या ६४ किलोबिटच्या मापाने तो १६० बाइट होतो, त्यावर पत्ता आणि क्रमांक यांसाठी ४० बाइट चढतात, आणि अशी सेकंदाला ५० पॅकेटे जातात, म्हणजे एका दिशेला सुमारे ८० किलोबिट. आजच्या कोणत्याही ब्रॉडबँडला हे ओझे नगण्य आहे. ‘फोनसाठी जास्त वेगाचा प्लॅन घ्या’ असे कोणी सांगितले, तर तो सल्ला विक्रीच्या खात्यातला आहे असे खुशाल समजावे.

आवाज बिघडतो तो वेग कमी पडल्याने नव्हे, तर पॅकेटे वेळेवर न पोचल्याने. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण स्वाभाविक वाटते. तो वाढत गेला की दोघेही एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात, आणि आपले काहीतरी चुकते आहे असे दोघांनाही वाटते. पॅकेटे मागेपुढे पोचतात म्हणून ऐकणाऱ्या बाजूला ती थोडा वेळ अडवून रांगेत लावली जातात. जे पॅकेट त्या मुदतीनंतर येते ते टाकून दिले जाते आणि तेवढा शब्द खाल्ला जातो. घरात कोणी मोठी फाइल वर पाठवू लागले, की राउटरच्या बाहेर जाणाऱ्या रांगेत आवाजाची पॅकेटे त्या फाइलच्या मागे अडकतात, आणि तेव्हा ‘तुमचा आवाज तुटतोय’ हे वाक्य समोरून ऐकू येते, आपल्याला मात्र त्यांचे सारे स्पष्ट ऐकू येत असते. आवाज एकाच बाजूने तुटत असेल, तर दोष बहुधा आपल्याच रांगेत असतो. यावर उपाय असा की, फोनची पॅकेटे आधी सोडण्याची सोय राउटरमध्ये सुरू करावी आणि फोनचा अडॅप्टर, म्हणजे साधा फोन इंटरनेटला जोडणारी छोटी पेटी, वायफायवर न ठेवता तारेने जोडावा. कंपनीने स्वतःच्या राउटरमध्येच फोनचे सॉकेट दिले असेल, तर आवाजासाठी बहुधा वेगळी वाट आधीच राखलेली असते आणि हा त्रास क्वचितच होतो.

प्रतिध्वनीबद्दलही तक्रारी येतात, आणि त्यांचे कारण मनोरंजक आहे. दोन तारांच्या फोनवर जाणारा आणि येणारा आवाज एकाच जोडीतून जातो आणि पुढे त्यांची फारकत करावी लागते. ही फारकत कधीच शंभर टक्के होत नाही, थोडा आवाज परत फिरतो. जुन्या स्थानिक कॉलमध्येही तो परत यायचा, पण इतक्या तातडीने की बोलणाऱ्याला तो स्वतःचाच आवाज वाटे. पॅकेटांच्या विलंबामुळे तोच परतलेला आवाज उशिरा कानावर पडतो आणि प्रतिध्वनी म्हणून जाणवतो. चांगल्या अडॅप्टरमध्ये तो गाळून टाकणारी यंत्रणा असते. स्वस्त अडॅप्टरमध्ये ती नावापुरती असते.

तांब्याच्या बाजूचे दोषही विसरू नयेत. जॉइंटमध्ये पाणी शिरले की पावसाळाभर खरखर, शेजारच्या जोडीतले संभाषण ऐकू येणे, ०.४ मिलिमीटरच्या तारेचा जाऊन-येऊन दर किलोमीटरला सुमारे २८० ओहम एवढा रोध आणि त्यामुळे दूरच्या ग्राहकाला मिळणारा क्षीण आवाज, हे सारे मी रोज पाहिलेले आहे. शिवाय जुनी व्यवस्था ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच पट्टी पाठवत असे. ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक बराचसा त्या पट्टीच्या वर असतो, म्हणून तर आडनाव सांगताना अक्षरागणिक उदाहरणे द्यावी लागत. जी.७२२ सारखी डिजिटल पद्धत ७,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज नेते आणि हा त्रास पुष्कळसा संपतो. पण त्यासाठी दोन्ही टोकांची उपकरणे तशी हवीत. जुनाच फोन अडॅप्टरला जोडला, तर आवाज पूर्वीइतकाच राहील, अधिक चांगला होणार नाही.

आता विजेकडे येतो. फायबरच्या टोकाला असलेली पेटी आणि राउटर मिळून साधारण १५ वॉट वीज खातात असे धरू. वीज गेली की दोन्ही बंद, फोनही बंद. यावर सर्वसाधारण सल्ला यूपीएस घेण्याचा असतो, आणि तो बरोबरच आहे, पण आकडा नीट मांडून पाहावा. छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. त्यातून आधी २३० किंवा ११० व्होल्टची वीज बनवायची, मग राउटरच्या विजेच्या अडॅप्टरने ती पुन्हा १२ व्होल्टवर आणायची, या दुहेरी उलटापालटीत आणि यूपीएसच्या स्वतःच्या खर्चात बराच भाग वाया जातो. त्यातच लेड-ॲसिड बॅटरी भरभर उपसली तर पूर्ण क्षमतेने मिळत नाही. हिशेबाने साडेपाच तास निघतात, हाती मात्र तीन तास लागले तरी समाधान मानावे, आणि बॅटरी जुनी झाली की त्याचेही निम्मे होतात. म्हणून मी थेट १२ व्होल्ट देणारा छोटा डीसी यूपीएस सुचवतो. त्यात ही उलटापालट टळते. मात्र तो घेताना उपकरणाचा व्होल्टेज, लागणारा अँपिअर आणि पिनेची धन-ऋण बाजू तपासूनच जोडणी करावी. फायबरच्या पेटीला आणि राउटरला, दोघांनाही बॅकअप हवा, हे सांगायला नको असे वाटते, पण एकालाच तो दिलेला मी अनेक घरांत पाहिले आहे. कॉर्डलेस फोन असेल तर त्याच्या बेसलाही वीज लागते. त्यापेक्षा तारेचा एक साधा फोन अडॅप्टरला कायम जोडून ठेवणे शहाणपणाचे.

चाचणी घेताना केवळ राउटरचा प्लग काढून पाहू नये. घराचा मुख्य स्विच बंद करावा, घड्याळ लावावे, दर अर्ध्या तासाला एक फोन करावा आणि तो केव्हा लागेनासा होतो हे लिहून ठेवावे. घराच्या बाहेरची बाजूही विचारून घ्यावी. फायबर एक्स्चेंजपासून घरापर्यंत थेट आलेले असेल, तर मधली वाटणी करणारी पेटी विजेशिवाय, निव्वळ काचेच्या जोडणीवर चालते, आणि अशा जाळ्याचा आवाका २० किलोमीटरपर्यंत असतो. तेव्हा वीज लागते ती फक्त दोन टोकांना. याउलट फायबर रस्त्यावरच्या कपाटापर्यंतच असेल आणि शेवटचा टप्पा तांब्याचा किंवा टीव्हीच्या केबलचा असेल, तर त्या कपाटालाही वीज लागते, आणि त्याची बॅटरी संपली की घरातला यूपीएस कितीही मोठा असला तरी उपयोग नाही. मोबाइलचा आधार आहे असे म्हणणाऱ्यांनी टॉवरलाही बॅटरीच असते आणि मोठ्या खंडितकाळात तीही काही तासांत उतरते, हे ध्यानात घ्यावे.

या प्रश्नाची दखल नियामकांनीही घेतली आहे. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २०१५ मध्ये अशा सेवेसोबत ८ तासांचा बॅकअप, आणि पुढे ३ वर्षांत २४ तासांचा बॅकअप, विकत घेण्याचा पर्याय ग्राहकाला देण्याचे बंधन घातले. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामकाने २०१८ च्या मार्गदर्शनात, लँडलाइनवरच विसंबून असलेल्या ग्राहकांना वीज गेल्यावर किमान १ तास आपत्कालीन फोन करता येईल अशी सोय देण्यास सांगितले. एक तास फारच तोकडा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या वादळात वीज जाते, ते तासाभरात आटोपत नाही. आपल्या कंपनीकडे काय सोय आहे हे लेखी विचारावे. घरात वृद्ध किंवा आजारी व्यक्ती असेल तर ते पत्रात ठळकपणे नमूद करावे.

दुसरा खरा धोका लाइनला जोडलेल्या, पण फोनसारख्या न दिसणाऱ्या उपकरणांचा. चोरी किंवा आग यांची सूचना देणारी यंत्रणा, लिफ्टमधला मदतीचा फोन, वृद्धांच्या गळ्यातले संकटाचे बटण, फॅक्स, कार्ड यंत्र, ही सारी तांब्याच्या गुणधर्मांवर बेतलेली आहेत. काही उपकरणे आपली वीजच लाइनमधून घेतात, आणि काही लाइनवरचा दाब मोजून ती जिवंत आहे की नाही हे ठरवतात. सूचना यंत्रणा आपला संदेश ठरावीक स्वरांच्या मालिकेतून पाठवते आणि पलीकडून पोच मिळेपर्यंत थांबते. आवाज दाबून, म्हणजे कमी बिटांत बसवून, पाठवणाऱ्या पद्धतीत हे स्वर विकृत होतात किंवा विलंबामुळे पोच उशिरा येते, आणि यंत्रणा पुन्हापुन्हा प्रयत्न करून थकते. माणसाच्या कानाला एखादे पॅकेट हरवलेले कळतही नाही, अशा उपकरणांतल्या, स्वरांतून माहिती पाठवणाऱ्या मोडेमचा मात्र त्याने ताल चुकतो. फॅक्ससाठी टी.३८ नावाची वेगळी पद्धत आहे, ती दोन्ही बाजूंना चालू असेल तर काम निभते, अन्यथा निदान आवाज न दाबणारी जी.७११ पद्धत आणि कमी वेग ठेवावा. खरे सांगायचे तर फॅक्सचा हट्ट सोडणेच उत्तम.

संकटाच्या बटणाचा विषय मात्र हलक्याने घेऊ नये. ब्रिटनमध्ये डिजिटल लाइनवर नेल्यानंतर अशी उपकरणे न चालल्याच्या गंभीर घटना उघडकीस आल्या, २०२३ च्या डिसेंबरमध्ये ग्राहकांच्या संमतीशिवाय होणारी बदली थांबवण्यात आली, आणि तांब्याचे जुने जाळे बंद करण्याची २०२५ अखेरची मुदत पुढे २०२७ च्या जानेवारीवर गेली. एवढ्या मोठ्या देशाला जे सोपे गेले नाही, ते आपल्याकडचा तंत्रज्ञ अर्ध्या तासात करून देतो म्हणाला, तरी विश्वास ठेवू नये. बदलाच्या दिवशी तंत्रज्ञ घरात असतानाच बटण दाबावे, केंद्रातल्या माणसाशी प्रत्यक्ष बोलावे, मग वीज बंद करून पुन्हा दाबावे. यंत्रणा ‘लाइन ठीक’ असा हिरवा दिवा दाखवते, एवढ्यावर जाऊ नये. तो दिवा अडॅप्टरने दिलेला दाब पाहूनही लागतो, संदेश पोचतो की नाही हे त्याला ठाऊक नसते.

घरातल्या जुन्या वायरिंगबद्दल थोडक्यात. खोल्याखोल्यांतली सॉकेटे चालू ठेवायची असतील, तर अडॅप्टरची तार भिंतीच्या सॉकेटात लावता येते, पण त्याआधी बाहेरून येणारी जोडी प्रवेशाच्या पेटीपाशी पूर्ण सोडवून वेगळी करावी. ती जोडलेली राहिली आणि एक्स्चेंजचा दाब अजून चालू असला, तर अडॅप्टर जळू शकतो, आणि वॉरंटीही बहुधा मिळत नाही. अडॅप्टर एकावेळी साधारण तीन ते पाच फोनांचीच घंटी वाजवू शकतो. फिरत्या डायलचा जुना फोन असेल तर त्याच्या ठोक्यांवरून नंबर ओळखणारा अडॅप्टर मुद्दाम शोधावा लागतो; अनेकांत ती सोय नसते, फोन ऐकू येतो पण लावता येत नाही.

आपत्कालीन सेवेला आपला पत्ता कसा कळतो, हाही मुद्दा बदलतो. तांब्याची जोडी एका ठरावीक घरात जात असल्याने नंबरावरून पत्ता काढणे सोपे होते. डिजिटल फोन इंटरनेट असेल तेथे चालतो, म्हणून यंत्रणेला तोच पत्ता कळतो जो आपण नोंदवलेला असतो. अडॅप्टर घेऊन दुसऱ्या घरी गेलात आणि नोंद बदलली नाही, तर मदत जुन्या घरी पोचेल. अमेरिकेत २००५ पासून अशा कंपन्यांना पत्त्याची नोंद ठेवणे सक्तीचे झाले, ते याच कारणाने.

विरोध करावा का, या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थी आहे. जुन्या एक्स्चेंजांचे सुटे भाग बनवणारे उरले नाहीत, केबलचे जॉइंट बांधणारे हात निवृत्त झाले, तांब्याची चोरी होते, आणि थोड्या ग्राहकांसाठी अख्खी इमारत आणि बॅटरी सांभाळणे परवडत नाही. कंपन्यांचा यात फायदा आहेच, पण बदल केवळ फायद्यासाठी चालला आहे असे नाही. भांडायचेच असेल तर तारखेवरून भांडू नये, बॅकअपची बॅटरी कोणाच्या खर्चाने येणार आणि ती जुनी झाल्यावर कोण बदलणार यावरून भांडावे. तेथे कंपनीला माघार घ्यावी लागते असा अनुभव आहे.

शेवटी नंबराविषयी. तो टिकवायचा असेल तर जुनी लाइन स्वतःहून बंद करण्याचा अर्ज मुळीच देऊ नये. आधी लाइन बंद झाली की नंबर मोकळा होतो आणि मग तो परत मिळेलच असे नाही. नव्या सेवेकडे नंबर हलवण्याची विनंती करावी, बिलावरचे नाव आणि पत्ता दोन्हीकडे अक्षरशः सारखे आहेत हे पाहावे, आणि दुसऱ्या नेटवर्कवरच्या मोबाइलवरून फोन लावून तो नव्या पेटीवर वाजतो याची खात्री होईपर्यंत जुना फोन भिंतीवरून काढू नये. जुन्या लाइनवर ब्रॉडबँडही चालू असेल, तर नंबर हलल्याबरोबर तेही बंद पडू शकते. त्यामुळे फायबर आधी चालू करून, त्यावर दोन-चार दिवस काढून, मगच नंबर हलवण्याची तारीख मागावी.